स्टेडियममधलं धान

बाबा, तुमचं स्टेडियम खोदून काढताहेत. मी मुद्दाम पाहायला गेलो होतो. बोरसीहून तिथवर जायचं म्हणजे दोन बस बदलाव्या लागतात आणि माझा गुडघा आता बसच्या पायऱ्यांवर नखरे करतो, तरी गेलो. त्याच जागेवर आता नवीन स्टेडियम होणार म्हणे, दिव्यांच्या उजेडात फुटबॉल खेळता येईल असं. फाटकाशी भलामोठा फलक लावलाय. त्यावरच्या चित्रातलं गवत इतकं हिरवंगार की मला तिथंच हसू फुटलं. त्या जागेला हिरव्या रंगाची फार जुनी हौस आहे, हे त्या बिचाऱ्या चित्रकाराला काय ठाऊक. आत जेसीबी चालू होता आणि पांढरं हेल्मेट घातलेला एक तरुण इंजिनियर ड्रायव्हरवर खेकसत होता, "अरे, ये क्या निकल रहा है? मिट्टी कहाँ है?" मशीनच्या दातांत काळपट, काचेसारखे चमकणारे खडे होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "स्लॅग है. पूरे ग्राउंड में यही मिलेगा." त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आपको कैसे मालूम, अंकल?" मी पँटचा पाय वर सरकवला आणि त्याला गुडघा दाखवला. कातडीखाली अजून ते निळेकाळे ठिपके आहेत. त्याला काही कळलं नाही. म्हातारा सरकलेला दिसतो, असं समजून तो पुन्हा ड्रायव्हरकडे वळला. "किस गधे ने डाला होगा," असं तो पुटपुटला. गधा माझ्याच घरचा होता.

तुम्हाला हे वाचून राग आला असता. राग आला की तुम्ही बोलत नसायचात, फक्त चपला व्यवस्थित जोडून ठेवायचात. साहेबांसमोर ती सवय फार उपयोगी पडली असेल. आपण भंडाऱ्याकडचे धानवाले लोक. काकांच्या वाट्याला शेती ठेवून तुम्ही ओव्हरसियरचा कोर्स केलात आणि इथं भिलाईला पोलादाचा प्लांट उभा राहत असताना आलात. सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं. घरात नळ, डोक्यावर पंखा. आई आठवडाभर तो नळ उगाचच सोडून बघायची. भट्ट्या पेटल्या, चिमण्यांतून धूर निघायला लागला आणि मग साहेब लोकांना वाटायला लागलं की आता शिक्षणाचंही काहीतरी भव्य झालं पाहिजे. आमच्या कॉलेजचं विद्यापीठ होणार अशी हवा होती. विद्यापीठाला काय लागतं? वाचनालय नव्हतं, प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काचा नव्हत्या, रसायनाचे मास्तर अर्धं वर्ष फळ्यावर प्रयोग काढून दाखवत होते. पण बांधकाम कमिटीच्या मोठ्या साहेबांच्या मते विद्यापीठाला आधी लागतं स्टेडियम. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात फोटो पाहिला होता. मग कॉलेजच्या आवारातच, वसतिगृहामागच्या उताराच्या जागेवर, फुटबॉलचं स्टेडियम आखलं गेलं आणि त्याचे ओव्हरसियर झालात तुम्ही. त्या संध्याकाळी तुम्ही पेढे आणले होते. मी कॉलेजच्या टीमचा गोलकीपर होतो. मी पेढा खाल्ला आणि मला खरंच आनंद झाला, हे इथं सांगून टाकतो, कारण पुढं आनंदाचं काही येणार नाही.

सुरुवात श्रमदानानं झाली. आम्हा पोरांना रांगेत उभं केलं, हातात नवी कोरी घमेली दिली, साहेबांनी कुदळ मारल्यासारखं केलं, फोटोवाल्यानं तीन वेळा तसंच करायला लावलं, आणि चहा झाल्यावर घमेली परत मोजून घेतली. खरं काम आसपासच्या गावांतून येणाऱ्या छत्तीसगढी बायकांनी केलं. डोक्यावर टोपली, पाठीला पोर, दिवसभर चढउतार. त्यांचा फोटो कुणी काढला नाही. उताराची जागा सपाट करायला भराव हवा होता आणि भिलाईत भरावाला एकच वस्तू फुकट: भट्टीतून लोखंड काढल्यावर उरणारा मळ, स्लॅग. ट्रकांवर ट्रक आले आणि मैदान भरलं. इथवर चुकलं असं मी म्हणणार नाही. खाली स्लॅग, त्यावर हातभर चाळलेली नदीकाठची माती, त्यावर दूर्वा, असंच नकाशात होतं. तो नकाशा तुम्ही मला स्वयंपाकघरात पाटावर पसरून दाखवला होता. आईनं त्यावर पिठाचा हात टेकवला म्हणून तिला रागावला होतात. "असं ग्राउंड नागपुरातही नाही पाह्यलं असन कोनं," असं म्हणाला होतात. मला तेव्हा तुम्ही फार मोठे वाटला होतात.

माती आली, बाबा. मी डोळ्यांनी पाहिली. शिवनाथच्या काठची, मऊ, काळसर. पण ती मैदानात उतरली नाही. ती गेली व्हीआयपी गॅलरीसमोरच्या गुलाबांच्या वाफ्यांत आणि उरलेली मोठ्या साहेबांच्या बंगल्याच्या हिरवळीत. वाफे तर इतके खोल भरले की त्यात माणूस पुरता आला असता. मग बातमी आली की उद्घाटनाला येणारे पाहुणे ठरल्यापेक्षा आधीच येणार. होळी होऊन गेली होती, ऊन तापायला लागलं होतं, आणि तुमचं मैदान भट्टीच्या अंगणासारखं काळंभोर पसरलेलं. अशा वेळी धड माणूस काय करतो? साहेबांकडे जातो आणि सांगतो की मैदान तयार नाही, उद्घाटनाचा सामना दुसरीकडे घेऊ. फुटबॉल खेळायला पोरं आहेत, त्यांना हाडं आहेत. एवढं एकच वाक्य होतं. तुम्ही ते बोलला नाहीत. तुम्ही साहेबांना म्हणालात, "हिरवं करून देतो, साहेब."

आणि केलंत. जगात कुठल्याही स्टेडियमच्या इतिहासात असं घडलं नसेल याची मला खात्री आहे. तुम्ही गावाकडून धान मागवलंत. पोत्यात भिजवून मोड आणलेत, स्लॅगवर बोटभर मुरमाची माती टाकलीत, आणि ज्या हातानं भंडाऱ्यात रोपांचे पऱ्हे टाकायचात त्याच हातानं अख्ख्या फुटबॉलच्या मैदानात धान फेकलंत. टँकरनं पाणी सुरू झालं. दूर्वा रुजायला महिने लागतात, धानाची रोपं बघता बघता वर येतात, हे इंजिनियर लोकांना कुठून सुचणार? ते सुचायला शेतकऱ्याचंच डोकं हवं, आणि ते साहेबाच्या चरणी ठेवायला तुमच्यासारखा शेतकरी हवा. पाखरं आली. मैना, चिमण्या, पारवे, सगळ्या भिलाईला निमंत्रण गेलं असावं. मग व्हीआयपी गॅलरीच्या छपराखाली दोन माणसं डबे बडवत बसवलीत. काठीला जुना शर्ट घालून बुजगावणंही उभं करणार होतात, पण ते गोलच्या खांबाशेजारी बरं दिसेना. कडेला पाटी लागली, "ग्राउंड पर चलना मना है". म्हणजे फुटबॉलच्या टीमनं फुटबॉलच्या मैदानात पाऊल टाकायचं नाही, पीक तुडवलं जाईल. आम्ही सरावाला रस्त्यावर जायचो. एकदा काम आटोपून निघालेली एक मजूर बाई तुमच्यासमोर उभी राहिली, टोपली कमरेवर टेकवली आणि विचारलं, "ए बाबू, लुवाई कब होही?" कापणी कधी म्हणून. बाकीच्या बायका पदर तोंडाशी धरून खिदळल्या. तुम्ही तिला दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नको म्हणालात. साहेबांना एक शब्द बोलता आला नाही, पण तिच्यावर मात्र तुमची जीभ चालली.

सामना रशियन लोकांशी होता. प्लांट उभारायला आलेले ते तज्ज्ञ, उंचेपुरे, लालबुंद, पायात खिळ्यांचे बूट. आमच्यातल्या अर्ध्या पोरांकडे बूटच नव्हते. आमचा कॅप्टन खुर्सीपारच्या वस्तीतला, त्याचा बाप ठेकेदाराकडे मजूर, आणि तो पायाला पट्ट्या गुंडाळून अनवाणी असा खेळायचा की बुटवाले तोंडात बोट घालायचे. आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात जेवत होतो. आई तव्यावरची भाकरी उलटत होती. तुम्ही आत आलात, माझ्यासमोर उकिडवे बसलात आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी पुढं केलंत. मी उघडलं. गुडघ्यांना बांधायचे दोन जाड पट्टे. ते ब्लँकेट मी लगेच ओळखलं, आपल्या घरातलं एकुलतं एक लोकरी ब्लँकेट, तुमचंच, पहिल्या हिवाळ्यात घेतलेलं. तुम्ही ते कापलं होतंत आणि आईनं त्याच्या घड्या घालून, आत कापूस भरून, गोधडीसारखे बारीक टाके घातले होते. मागं बांधायला चामड्याचे बंद.

"उद्या हे बांधजो," तुम्ही म्हणालात. "खाली खडे आहेत."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. तोवर मी मनात तुमची वकिली करत होतो. वाटत होतं की तुम्हाला वाटत असेल, बोटभर माती पुरेल, तुमचा हिशेब चुकला असेल. चुकणाऱ्या माणसाला माफ करता येतं. मी विचारलं, "बाबा, मंग साहेबाले कावून नाही सांगत तुमी?"

"कोन सांगन साहेबाले? पाहुणा येऊन राहिला उद्या. आता सांगून का होते?"

"आन बाकीच्या पोरायले? त्यायनं का बांधाव?"

तुम्ही उठलात, लुगड्याच्या चिंधीला हात पुसलेत आणि अगदी सहज म्हणालात, "बाकीच्यायले त्यायचे बाप आहेत ना पाहाले."

आईचा हात तव्यावर थांबला. ती तुमच्याकडे पाहून म्हणाली, "असं नोको बोलू जी, अन्नासमोर." बस, एवढंच. तुमचं ते वाक्य मी तेव्हापासून घेऊन फिरतोय. नोकरीत, लग्नात, पोरं वाढवताना, कुठं कुणी नुसतं आपल्यापुरतं बघून मोकळा झाला की मला तुमचा तो सहज आवाज ऐकू येतो. तुम्ही ओरडून बोलला असतात, रडून बोलला असतात, तरी बरं वाटलं असतं. तुम्ही ते असं बोललात जसं कुणी बाजाराचा दिवस सांगतो.

सामन्याच्या दिवशी मी पट्टे घरीच ठेवले. शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात. खुर्सीपारचा तो अनवाणी पोरगा माझ्यासमोर उभा असताना मला ब्लँकेट बांधून उभं राहायची लाज वाटली, इतकंच. मैदान दिसत होतं मात्र विलक्षण. संध्याकाळचं ऊन, कोवळी लुसलुशीत रोपं, वाऱ्यावर हलताहेत. पाहुण्यांनी भाषणात मैदानाकडे हात करून म्हटलं, "ऐसी घास तो मैंने विलायत में भी नहीं देखी." टाळ्या झाल्या. मोठ्या साहेबांनी मान अशी झुकवली की जणू ती रोपं त्यांच्याच छातीवर उगवली होती. रशियन कॅप्टननं वाकून एक रोप उपटलं, मुळाशी चिकटलेला दाणा बघितला, आपल्या दुभाष्याला काहीतरी विचारलं. दुभाष्यानं हिंदीत काही सांगितलं नाही. शहाणा माणूस होता.

पहिल्या दहा मिनिटांत धान गेलं. ओल्या रोपांवरून माणसं घसरायला लागली. बुटांखाली रोपं मुळांसकट निघून आली, मातीचा पापुद्रा सुटला आणि खालून तो काळा मळ दात विचकायला लागला. आमच्या कॅप्टनच्या पायाच्या पट्ट्या लाल झाल्या, तरी तो पळत होता. मग उजवीकडून एक चेंडू खाली, कोपऱ्यात आला. गोलकीपरला अशा वेळी विचार करायला सवड नसते, अंग आपोआप जातं. माझं गेलं. चेंडू मी अडवला, बाबा. तेवढं तरी तुम्ही पाहिलं असेल. पण उठायला गेलो तर उजवा गुडघा उठेना. कातडी सोलून निघाली होती आणि आत खडे रुतले होते, काचेचे असतात तसे.

मी गॅलरीकडे पाहिलं. तुम्ही साहेबांच्या खुर्चीमागं उभे होतात. पाहुण्यांनी गळ्यातून उतरवलेले सगळे हार तुमच्या हातांवर होते, कोपरापर्यंत, झेंडूचे आणि गुलाबाचे. तुम्ही माझा गुडघा पाहिलात. मग साहेबांच्या टाळूकडे पाहिलंत. मग पुन्हा माझ्याकडे. चार पायऱ्या उतरल्या की मैदान होतं. हार खाली ठेवायला जागा होती, रिकाम्या खुर्च्या होत्या, काही नाही तर त्या मातीच्या वाफ्यांवर टाकता आले असते. तुम्ही हार तसेच धरून उभे राहिलात. मला उचललं ते कॅप्टननं, ज्याचे स्वतःचे दोन्ही तळवे फाटले होते. "चल यार, मेरे कंधे पे आ," म्हणाला. त्याचा बाप गॅलरीत नव्हता, बाहेर कुंपणाशी उभा होता, आणि तो मात्र कुंपण ओलांडून धावत आला. बाकीच्यांना बघायला त्यांचे बाप होते खरे. तुमचं म्हणणं अगदी बरोबर निघालं.

डॉक्टरनं बरेचसे खडे काढले, काही आतच राहिले. आत काहीतरी कायमचं बिघडलं आणि मी पुन्हा गोलमध्ये उभा राहिलो नाही. मी खाटेवर असताना तुम्ही आलात, पायाशी उभे राहिलात आणि मला वाटलं, आता काहीतरी बोलाल. "पट्टे बांधले असते त हे झालं नसतं. का झालं होतं तुले बांधाले?" एवढं म्हणून तुम्ही माझ्या चपला खाटेखाली नीट जोडून ठेवल्यात आणि ड्युटीवर गेलात. पुढं तुमची बढती झाली. स्टेडियमवर फुटबॉल कधीच धड खेळला गेला नाही. रामलीला झाली, सर्कस आली, लग्नाचे मांडव पडले, आणि ट्रक उभे करायला त्याच्याइतकं टणक मैदान साऱ्या दुर्ग जिल्ह्यात नव्हतं. विद्यापीठ त्या साहेबांच्या हयातीत आलंच नाही. गुलाब मात्र खूप वर्षं फुलत होते.

एकच दृश्य आहे जे मला धड तुच्छतेनं पाहता येत नाही, म्हणून त्याचाही राग येतो. सामन्याच्या काही दिवस आधी सकाळी मी तुमचा डबा द्यायला आलो होतो. डबे बडवणारी माणसं अजून आली नव्हती. तुम्ही मैदानाच्या कडेला उकिडवे बसला होतात, पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, आणि तळहात रोपांवरून हळूहळू फिरवत होतात, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. तुमच्या चेहऱ्यावर ना साहेब होता, ना ओव्हरसियर. मला पाहून म्हणालात, "पाह्य बरं, कसे आले आहेत." इतके खूश तुम्ही मला घरात कधी दिसला नाहीत. ज्या माणसाला एवढं उगवून आणता येत होतं त्यानं ते कुणासाठी उगवून आणावं, याची निवड इतकी भिकार का केली असेल? हा प्रश्न मी तुम्हाला जिवंतपणी विचारला नाही. विचारला असता तरी तुम्ही चपलाच जोडल्या असत्या.

तुम्ही गेलात तेव्हा मी सगळे विधी केले, रडलो मात्र नाही. लोकांना वाटलं, पोरगा खंबीर आहे. खंबीर कसला, मला तुमची किळस होती आणि ती अजून पुरती गेलेली नाही. त्या इंजिनियर पोरानं तुम्हाला गधा म्हटलं तेव्हा मला आतून बरंच वाटलं. नव्या फलकावरचं गवत पाहून वाटलं, यातही कुणीतरी साहेब असेल आणि कुणीतरी त्याच्या खुर्चीमागं हार धरून उभा असेल, आणि त्याचा पोरगा कुठल्या तरी कॉलेजात गोलकीपर असेल.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मला कळतं. घडी करून आईच्या लोखंडी ट्रंकेत ठेवतो. तिथं जागा रिकामी आहे. त्या जागी तुमच्या ब्लँकेटचा उजवा पट्टा असायचा. लोकर विरली आहे, बंद मी दोनदा बदलले, टाके अजून आईचेच आहेत. खोदकाम पाहून आल्यापासून गुडघा ठणकतोय आणि दुकानातले ते रबरी पट्टे मला चालत नाहीत, टोचतात. म्हणून हे लिहायला बसायच्या आधी तुमचाच बांधला. गरम वाटतंय.